चार मुलं आणि एक कवळी

माझ्या गोष्टीत एका आजोबांची कवळी हरवते. घटना एवढीच. रात्री पाण्याच्या पेल्यात ठेवलेली कवळी सकाळी पेल्यात नाही, आजोबांचा चहा निवतोय, आणि सगळं घर कमरेत वाकून पलंगाखाली बघतंय. खरी करामत सांगणाऱ्यांत होती. हा प्रसंग घरातली चार नातवंडं आपापल्या तोंडानं सांगणार होती, एक चार वर्षांची, एक सात वर्षांचा, एक अकरा वर्षांची आणि एक चौदा वर्षांचा. अकिरा कुरोसावानं 1950 साली 'राशोमोन'मध्ये एकच खून चौघांकडून चार तऱ्हांनी सांगवला, तर डोंबिवलीतल्या माणसानं एक कवळी सांगवायला काय हरकत आहे, असा माझा साधा हिशेब होता. कुरोसावाकडे तोशिरो मिफुने होता. माझ्याकडे मीच होतो.

शिवाय मला वाटत होतं, यात अवघड ते काय? परदेशातल्या राजाचं किंवा पाणबुडीतल्या खलाशाचं मनोगत लिहायचं तर माणसाला अभ्यास करावा लागेल, पण लहानपण काय, ते प्रत्येकाकडे असतंच. मी स्वतः चार, सात, अकरा आणि चौदा या सगळ्या वयांतून रीतसर गेलेलो आहे, आणि आठवीतलं गणित सोडलं तर कुठेही अडकलेलो नाही. हे मी बायकोला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "गेलात खरे. बघितलंत कुठे?"

पण तोवर उशीर झाला होता. मी एका दिवाळी अंकाच्या संपादकांना फोन करून 'चार वयं, चार आवाज' असं काहीतरी भारदस्त बोलून बसलो होतो. ते "वा!" म्हणाले. संपादक "वा" म्हणतात तेव्हा त्यांना दुसरीकडून कुणीतरी हाक मारत असतं, हे मला अनुभवानं माहीत आहे, तरी मी हुरळलो. "गणपतीपर्यंत द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सुरुवात मी धाकटीपासून केली. लहान मूल म्हणजे बोबडं बोलणं, हा आपला वर्षानुवर्षांचा समज. तेव्हा पहिलंच वाक्य लिहिलं, 'आज्जोबांचे दात हलवले, पन मना म्हाईत आहे ते तुथे आहेत.' माझ्यावर मीच खूश झालो. लगेच स्वयंपाकघरात जाऊन, मान तिरकी करून, ओठांचा चंबू करून बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आजोबा बोलतायत ना? कवळी नाही म्हणून असं येतंय?"

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. कवळी हरवलेले आजोबा त्याच पानावर 'माझी तवळी तुथे गेली' म्हणत होते, आणि त्यांच्याशेजारी उभी असलेली नात तितकंच बोबडं उत्तर देत होती. कोण कुणाचं नातवंड, हे लेखकालाही परत वाचावं लागत होतं.

मग मी प्रत्यक्ष पाहणीचं ठरवलं. आमच्या खालच्या मजल्यावर एक चार वर्षांची मुलगी आहे. ती रिक्षाला 'लिक्शा' म्हणते. जिन्यात भेटल्यावर मी जवळीक साधायला म्हणून वाकून विचारलं, "काय गं, लिक्शानं आलीस?" ती थबकली. माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "लिक्शा नाई, आजोबा. लिक् शा!" पुढे वाचनात कळलं की बर्को आणि ब्राउन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 सालीच असला एक मुलगा नोंदवून ठेवलाय. तो 'फिश'ला 'फिस' म्हणायचा, आणि मोठ्यांनी त्याला 'फिस' म्हटलं की चिडायचा. म्हणजे मुलाच्या स्वतःच्या कानाला त्याचं बोलणं अगदी स्वच्छ, आकाशवाणीच्या निवेदकाइतकं शुद्ध ऐकू येतं. ते स्वतःच्या तोंडानं गोष्ट सांगणार असेल तर त्यात बोबडेपणा कुठून यायचा? बरं, त्यांचं व्याकरणही आपल्यापेक्षा शिस्तीचं. बसलं, हसलं, पडलं, तसं 'करलं'. 'केलं' हा मोठ्यांचा लहरीपणा आहे आणि मुलं तो मुकाट्यानं शिकतात, एवढंच. सगळा बोबडेपणा मी खोडून टाकला. आजोबांचाही टाकला, कारण तेव्हा मी भरात होतो.

ज्यांना हे लिहिणं जमलं, त्यांना ते कसं जमलं याचाही मी शोध घेतला. एमा डॉनह्यू या बाईंची 'रूम' नावाची 2010 सालची कादंबरी आहे. एका बंद खोलीत जन्मलेला आणि बाहेरचं जग कधीच न पाहिलेला पाच वर्षांचा मुलगा ती अख्खी सांगतो. बाई ती लिहीत होत्या तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा पाच वर्षांचा होता, आणि त्याची बोली त्यांनी सरळ उचलली. जाँ पियाजे, मुलं विचार कशी करतात यावर ज्यांचं नाव पहिलं घेतात ते, त्यांनीही स्वतःची तीन मुलं पाळण्यापासून न्याहाळली. थोडक्यात, बालमन जाणणाऱ्या थोर मंडळींच्या घरी ऐन वेळी माल हजर होता. माझा माल सध्या बेंगळुरूला एका कंपनीत आहे. मी त्याला फोन करून विचारलं, "अरे, तू पाच वर्षांचा असताना कसं बोलायचास?"

"बाबा, ते तुला माहीत पाहिजे ना? तूच होतास तिथे."

"मी बँकेत होतो," मी म्हणालो.

तर पुन्हा खालच्या मजल्यावरची मुलगी. आता मला एक प्रयोग सापडला होता. विमर आणि पर्नर या दोघांनी 1983 साली लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा निळ्या कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, आणि त्याच्यामागे आई ते हिरव्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बेधडक हिरव्या कपाटाकडे बोट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे हे आपल्याला माहीत आहे, तर मॅक्सीला का नसेल? चार-पाच वर्षांच्या सुमारास कधीतरी मुलाच्या डोक्यात उजेड पडतो की माझ्या मनातलं दुसऱ्याच्या मनात नसतं. माझ्या कवळीच्या गोष्टीला तर हे वरदानच होतं. धाकटीनंच कवळी उचलून कुठेतरी ठेवलीय, आणि ती ते कुणाला सांगत नाही, कारण तिच्या मते ते सगळ्यांना ठाऊकच आहे. मोठी माणसं उगाच पलंगाखाली बघण्याचा खेळ खेळतायत.

मी जेवणाच्या टेबलावर निळ्या झाकणाचा एक आणि हिरव्या झाकणाचा एक असे दोन डबे मांडले, पाव किलो पेढे आणले आणि आईच्या परवानगीनं त्या मुलीला वर बोलावलं. बाहुलीनं पेढा निळ्या डब्यात ठेवला. बाहुली फिरायला गेली. मी पेढा हिरव्या डब्यात हलवला. बाहुली परत आली. "आता ही पेढा कुठे शोधेल?" मी शक्य तितक्या शास्त्रीय आवाजात विचारलं. मुलीनं दोन्ही डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हिरवा डबा उघडला, पेढा खाल्ला आणि म्हणाली, "संपला." प्रयोग पुन्हा केला. पेढाही पुन्हा संपला. नंतर नंतर तर बाहुली फिरायला जायच्या आतच पेढा जायला लागला, आणि बायको दारात उभी राहून विमर आणि पर्नरना पेढे कुणी पुरवले असतील याची चौकशी करू लागली. शेवटी मुलीला न्यायला तिची आई आली, तेव्हा तिनं आईला प्रयोगाचा अहवाल दिला. "आजोबांना पेढा सापडतच नव्हता. मी शोधून देत होते."

माझ्या सगळ्या लेखनात या दोन वाक्यांच्या तोडीचं काही नाही.

सात वर्षांच्या मुलासाठी मात्र मी बेफिकीर होतो, कारण कपाटात लंपन होता. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' 1994 साली आलं. संत कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते आणि तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न. मी छप्पन्न वर्षांचा. म्हणजे एक वर्ष हाताशी होतं. मी 'वनवास' पुन्हा वाचलं, वाचताना नेहमीसारखंच गोष्ट शिकायची विसरलो, आणि शेवटी एवढंच हाती लागलं की लंपन काहीही सांगताना अवाढव्य आकडे फेकतो. मग मीही माझ्या मुलाच्या तोंडी आकडे पेरले. सत्तावीस हजार वेळा कवळी शोधली, चौतीस हजार वेळा आजोबा ओरडले. परत वाचलं तर ताळेबंद वाटत होता. बँकेतल्या माणसानं आकड्यांच्या वाटेला जाऊ नये.

ते पान मी सात वर्षांच्या भाच्याला वाचून दाखवलं. तो मन लावून ऐकत होता, आणि 'या प्रसंगाचा माझ्या बालमनावर खोल परिणाम झाला' हे वाक्य आल्यावर त्यानं मला थांबवलं.

"बालमन कोण आहे?"

"कोण म्हणजे? तू. लहान मुलाचं मन."

"मी लहान नाहीये."

"मग काय मोठा आहेस?"

"मी मीडियम आहे," तो म्हणाला, आणि हजारांच्या आकड्यांवरही त्यानं नापसंती नोंदवली. त्यांच्या वर्गात 'इन्फिनिटी प्लस वन'च्या खाली कुणी बोलत नाही. त्याला कवळीत मात्र खरा रस होता, कारण त्याचे स्वतःचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते आणि तिसरा हलत होता. आजोबांचे सगळे दात एकदम पडले म्हणजे ते दुधाचे असणार, तेव्हा घाबरायचं कारण नाही, नवे येतील, हे त्यानं मला धीर देत सांगितलं. "पण त्यांनी ते कौलावर टाकले का? नाहीतर येत नाहीत." आमच्या सोसायटीला कौलं नाहीत. त्यानं आपला दात गॅलरीतून सेक्रेटरींच्या गाडीवरच्या पत्र्यावर भिरकावला होता. मी वहीत हे सगळं भराभरा उतरवून घेतलं आणि रात्री बसून त्याला साहित्यिक रूप दिलं. दुसऱ्या दिवशी ते वाचताना माझ्याच डोळ्यांवर झोप येऊ लागली.

अकरा वर्षांचं प्रकरण मी बाहेर तपासायला दिलं. दुसरी एक भाची आहे, सहावीतली. तिची फी पाणीपुरीनं सुरू झाली आणि पिझ्झ्यावर स्थिरावली. तिनं चारही भाग लाल पेनानं तपासून दिले. बंड्या आणि चिंगी ही नावं खोडून समासात 'हे कोण?' असं लिहिलं होतं. तिच्या वर्गात तीन अथर्व आहेत, बंड्या एकही नाही. नातवंडं आजीला 'गोष्ट सांग ना गं' म्हणून बिलगतात तिथे 'आजी मालिका बघत असते' असा शेरा होता. आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मी मुलाकडून 'मी चार वर्षांची आहे', 'मी सात वर्षांचा आहे' असं वदवून घेतलं होतं, ते तिनं सगळीकडे कापलं. "काका, वय कशाला सांगायचं? बोलण्यावरून ओळखू आलं पाहिजे." मला हे फार पटलं. मी वयंही काढली आणि नावंही काढली. आणखी एक गोष्ट तिनं जाता जाता सांगितली. मोठी माणसं कवळी शोधत नसणारच, नव्या कवळीचे पैसे कोण देणार यावर ती आतल्या खोलीत हळू आवाजात भांडत असणार, आणि हे चौघांतल्या एकालाही कसं ऐकू आलं नाही? अकरा वर्षांच्या मुलीला सगळं ऐकू येतं. फक्त ते कुणी तिला सांगत नाही. मी तिला एक आइस्क्रीम जास्तीचं दिलं.

चौदा वर्षांच्या मुलाशी बोलणं म्हणजे बंद काउंटरसमोर रांगेत उभं राहणं. आमच्या सेक्रेटरींचा मुलगा नववीत आहे. मी त्याला विचारलं, "घरात काही हरवलं तर तुला काय वाटतं?" "काही नाही." "आजोबांचं हरवलं तर?" "हं." "म्हणजे वाईट वाटतं?" "माहीत नाही." आता मिलिंद बोकील यांनी 2004 साली 'शाळा' लिहिली, त्यातला मुकुंद जोशीही नववीतलाच, आणीबाणीच्या काळातला, आणि त्याच्या मनात काय काय चाललेलं असतं ते सांगायला अख्खी कादंबरी लागते. सेक्रेटरींच्या मुलाच्या मनातही तेवढं सगळं असणार. पण बोकिलांना ते आतून दिसलं होतं, आणि मी बाहेर कानात इयरफोन घातलेल्या माणसासमोर वही घेऊन उभा होतो.

तेव्हा मला माझी डायरी आठवली. वडिलांना ऑफिसातून मिळायची, ते मला द्यायचे. मी चौदा वर्षांचा होतो ते साल 1983. म्हणजे पाहा, विश्वचषकाचं साल! 25 जूनची ती रात्र मी आजवर किती लोकांना सांगितली असेल. भारताच्या अवघ्या 183 धावा, सगळ्यांनी सोडलेली आशा, रेडिओला चिकटलेला माझा कान, कपिलनं मागे पळत जाऊन घेतलेला रिचर्ड्सचा झेल, 140 धावांवर गारद झालेला वेस्ट इंडिज आणि आमच्या वाड्यात रात्री उशिरा झालेला जल्लोष. हे सांगताना माझा गळा दाटून येतो. बँकेत निरोप समारंभांना मला मुद्दाम हे सांगायला लावतात. आता त्या पानावर चौदा वर्षांच्या मुलाचा अस्सल, कोवळा, थरथरता आवाज सापडणार म्हणून मी माळ्यावरची पेटी काढून, शिंका देत देत ते पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं,

'आज शिकरण होती. दादाला दोन वाट्या. मला एक. कंपासचं झाकण लागत नाही. लवकर झोपलो.'

आणि 26 जूनला,

'दादा म्हणतो आपण जिंकलो. शिकरण उरली नव्हती.'

मी बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसलो. कपिल नाही, झेल नाही, रेडिओ तर नाहीच. बायको शिडी धरून उभी होती, तिनं डायरी घेऊन वाचली आणि म्हणाली, "हे जसंच्या तसं छापा. हे मूल आहे."

"पण यात साहित्य कुठंय?"

"म्हणूनच म्हणते."

मी अर्थातच ऐकलं नाही. शिकरणीच्या दुसऱ्या वाटीत मी विषमतेचं प्रतीक घातलं, कंपासच्या न लागणाऱ्या झाकणात किशोरवयाची घुसमट भरली, आणि हे सगळं झाल्यावर तो मुलगा माझ्या खात्याच्या विभागीय व्यवस्थापकांसारखा बोलायला लागला, तेव्हा घाबरून सगळंच काढून टाकलं. चौथ्या भागात उरलं ते 'काही नाही', 'हं' आणि 'माहीत नाही'.

यातून एक सभ्य पळवाट होती, ती मला आईनं सुचवली. साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, पण त्यात श्याम मोठा झालेला आहे, रोज रात्री सवंगड्यांना लहानपणच्या गोष्टी सांगतोय. मुलाचा आवाज काढायची गरजच नाही. "तसं कर की," आई म्हणाली. "नाहीतरी तू लहानपणी बोलायचास कुठे? नुसता भोकाड पसरायचास." पण मी संपादकांना चार आवाज कबूल केले होते. आणि मोठेपणी आठवून सांगणारा मी कसा असतो, ते 25 जूनच्या पानानं नुकतंच दाखवलं होतं.

गणपती आले. मी सगळे कागद एकत्र करून, भाचीच्या सूचनेप्रमाणे नाव नाही, वय नाही, नुसते एक-दोन-तीन-चार असे आकडे घालून गोष्ट पाठवून दिली. चारच दिवसांत संपादकांचा फोन आला, आणि या खेपेला त्यांना दुसरीकडून कुणी हाक मारत नव्हतं.

"अहो, काय लिहिलंयत! वृद्धाश्रमावर इतकं सूक्ष्म मी वाचलं नव्हतं."

"वृद्धाश्रम?"

"ते चौघं हो! त्या पहिल्या बाई, वस्तू कुठे ठेवली ते माहीत असून सांगत नाहीत, सगळ्यांना माहीतच आहे म्हणतात, आमच्या आत्याचं अगदी असंच झालंय. तो दुसरा, पडलेले दात पुन्हा येतील म्हणून वाट बघणारा, डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या बाई, सगळ्यांच्या पैशांची भांडणं ऐकून लक्षात ठेवणाऱ्या. आणि तो चौथा! नुसता 'हं' म्हणतो. आमचे वडील!"

मी "हं" म्हणालो.

अंक आला आहे. गोष्ट ज्येष्ठ नागरिक विशेष विभागात, गुडघेदुखीवरच्या लेखाला लागून छापली आहे. आजवर आलेली सगळी पत्रं सत्तरीपुढच्या वाचकांची आहेत, अक्षरं सुरेख आहेत, आणि प्रत्येकानं शेवटी एकच विचारलंय की कवळी सापडली का. ते गोष्टीत कुठेही येत नाही, कारण जिला माहीत आहे ती सांगत नाही आणि बाकीच्या तिघांना ठाऊक नाही. तुम्ही इतका वेळ बसून ऐकलंत म्हणून सांगतो, तांदळाच्या डब्यात आहे.